मेढ रोवलेलं बुकिंग

वादळ येऊन गेलं की पहिला फोन "तुम्ही सगळे ठीक आहात ना?" असं विचारायला येत नाही. पहिला फोन येतो तो, "मॅडम, पैसे परत मिळणार ना?" असा. मला त्याचं वाईट वाटत नाही. लोकांनी हेच विचारावं म्हणून तर मला त्या खुर्चीत बसवलेलं आहे.

मी विरारला एका बुकिंग ऑफिसात काम करते. अर्नाळ्यापासून भुईगावपर्यंत समुद्राच्या काठाने जे बंगले आहेत, वाड्यांमधली जुनी घरं आहेत, ती शनिवार-रविवारी किंवा घरगुती कार्यांसाठी भाड्याने जातात. घर मालकाचं, पाहुणे मुंबई-ठाण्याचे आणि मध्ये आम्ही. आमच्याकडे बुकिंग घेणारी पोरं-पोरी वेगळी आहेत. ती हसून बोलतात, समुद्र किती जवळ आहे, जेवणात काय मिळेल ते सांगतात. माझं टेबल रद्द होणाऱ्या बुकिंगचं. माझ्याकडे कुणी आनंदाने फोन केल्याचं मला आठवत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील मिठागरावर कामाला होते. मी सफाळ्याच्या शाळेत शिकले, मग विरारच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले. नोकरी लागल्यावर वडील एकदा ऑफिस बघायला आले होते. पंख्याखालची माझी खुर्ची, काचेचं टेबल, टेबलावर पाण्याची बाटली, सगळं त्यांनी उभ्यानेच बघितलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. विचारलं, "हितं बसून तू करतेस काय?"

मी म्हटलं, "लोकांचे पैसे परत देते."

"आनि त्याचा पगार मिळतो?"

आमचे शेठ, हेमंतशेठ, हे ऐकून इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला. पण वडील थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. मला अजूनही अधूनमधून वाटतं. या नोकरीनं माझ्या भावंडांची शिक्षणं केली, बोळिंजला घर दिलं. म्हणून थकले असं मी घरी सहसा म्हणत नाही. इथे लिहिते आहे, तेवढंच.

आता हे काम नेमकं काय, ते थोडं सांगते. पाहुण्यानं स्वतःहून बुकिंग रद्द केलं तर त्याचे थोडे पैसे कापले जातात. मालकानं रद्द केलं तर पाहुण्याला सगळे परत. इथपर्यंत सोपं आहे. भांडण होतं ते वादळाच्या वेळी, कारण वादळात रद्द कुणी केलं? पाहुणा म्हणतो, मी कुठे नको म्हणतोय, तुमच्याकडे वादळ आलंय. मालक म्हणतो, माझं घर उभं आहे, यायचं तर या. मग ठरवावं लागतं की घर राहण्याजोगं आहे की नाही. राहण्याजोगं असेल तर तारीख बदलून मिळते, नसेल तर पैसे. आणि हे ठरवते मी. पाणी, वीज आणि छप्पर, या तीन गोष्टी मी बघते. तीनही असतील तर घर चालू. यातलं एक जरी नसलं तरी माझ्या लेखी ते घर बंद.

ऐकायला हे सरळ वाटतं. पण घाटकोपरच्या एका गृहस्थांना पाणी, वीज, छप्पर सगळं मिळूनसुद्धा पैसे परत हवे होते, कारण फोटोतला समुद्र निळा होता आणि समोरचा मातकट होता. दुसरे एकजण होते, त्यांना वादळाच्याच दिवशी यायचं होतं. लाटा बघायच्या होत्या. "बाकी कुणी येणार नाही, तेव्हा भाडं कमी करा," म्हणाले. राजोडीच्या एका मालकानं वादळानंतर घर उत्तम आहे असं सांगून फोटो पाठवले. घर उत्तमच होतं. फक्त मागच्या भिंतीला गणपतीची आरास दिसत होती, आणि आम्ही मे महिन्यात होतो. मी त्यांना फोन करून म्हटलं, "काका, गणपती लवकर बसवलेत यंदा." त्यांनी फोन ठेवला आणि संध्याकाळी खरे फोटो पाठवले.

अशा गोष्टींवर हसून दिवस निघतो. काही गोष्टी मात्र हसून निघत नाहीत. दादरचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्या बंगल्यात पाणी, वीज, छप्पर शाबूत होतं, फक्त बायकोला वाऱ्याची भीती बसली होती. नियमाप्रमाणे मी म्हटलं, तारीख बदलून देते, पुढच्या वर्षी या. ते अगदी शांतपणे म्हणाले, "आमच्या वयाला तारीख बदलून देऊ नका, बाई." त्यांना पैसे परत मिळावेत म्हणून मी हेमंतशेठशी दोन दिवस वाद घातला. मिळाले शेवटी. पण ते वाक्य माझ्याकडे राहिलं.

आणि तरी, सगळे पैसे परत मागतात म्हणावं, तर एक बाई अशा भेटल्या की त्यांनी ते घ्यायला नकार दिला. त्यांचीच गोष्ट सांगायची होती.

भुईगावला आंतोनमामांची वाडी आहे. आंतोनमामा आणि त्यांची बायको फिलूमावशी, दोघंही सत्तरीच्या घरातली. मुलगा दुबईला. त्यानं जुनं घर दुरुस्त करून घेतलं, वर चांगली कौलं घातली, न्हाणीघरं बांधली आणि आमच्याकडे भाड्याने द्यायला दिलं. दोघं म्हातारी मागच्या दोन खोल्यांत राहत. समोर प्रशस्त अंगण, कठडा बांधलेली विहीर, नारळ, एक जुना आंबा. कार्यासाठी म्हणून हे घर फार मागितलं जायचं, कारण इथे अंगणात माती होती. हे वाक्य विचित्र वाटेल, पण आमच्याकडे आता माती असलेलं अंगण शोधून मिळत नाही.

त्या वर्षी मे महिन्यात सुमनताई राऊत यांनी धाकट्या मुलीच्या लग्नासाठी हे घर घेतलं होतं. पाहुण्यांना राहायला घर आणि मांडवाला अंगण. त्यांची बोळिंजला बागायत होती, केळीची आणि फुलांची. ती बिल्डरला देऊन आता त्याच बाजूला सातव्या मजल्यावर राहत होत्या. नवरा गेलेला. दोन मुली, त्यातली थोरली प्राची माहेरीच होती.

लग्नाच्या आठवडाभर आधी मुहूर्त बघून त्यांनी आंतोनमामांच्या अंगणात मुहूर्तमेढ रोवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मांडवाचा पहिला खांब पूजा करून जमिनीत पुरतात, ती मेढ. तिला आंब्याचा टाळा, म्हणजे पानांची डहाळी बांधतात, हळकुंड-सुपारी पिवळ्या फडक्यात बांधून लावतात. ती रोवली की कार्य सुरू झालं. तिच्याभोवती मांडव उभा राहतो आणि कार्य पार पडेपर्यंत ती हलवत नाहीत.

मेढ रोवली आणि दोन दिवसांनी वादळ आलं. इशारा होता. पण इशारे दरवर्षी येतात आणि गुजरातकडे निघून जातात, तसंच सगळ्यांना वाटलं होतं. या वेळी ते जाता जाता आमच्यावरून गेलं. किनाऱ्यावरची सुरूची झाडं आडवी झाली, खांब पडले, वीज गेली. दुसऱ्या दिवशी हेमंतशेठनी मला स्कूटरवरून घरं बघायला पाठवलं, कारण फोटोंवर विश्वास ठेवायचा नाही हे आम्ही तोवर शिकलो होतो.

भुईगावला गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावावी लागली. आत फांद्या तुडवत गेले. आंतोनमामांच्या घराची अर्धी कौलं नव्हती. आंबा मुळासकट उपटून व्हरांड्यावर पडला होता. अंगणात नारळ एकावर एक आडवे. आणि विहिरीच्या कठड्याच्या आडोशाला ती मेढ तेवढी जिथल्या तिथे उभी होती. टाळा सुकला होता, पिवळं फडकं भिजून चिकटलं होतं, पण उभी होती.

आंतोनमामा बनियनवर पायरीशी बसले होते. म्हणाले, "ये बाय. बघ काय झालंय. तुझं ते पानी-वीज-छप्पर, तिन्ही गेलं."

"विहिरीला पाणी आहे ना?"

"पंप बंद. पोहऱ्यानं काढायचं तर काढ."

मी फोटो काढले. फिलूमावशी मागच्या खोलीत वरून प्लॅस्टिक बांधून चूल मांडत होत्या. मला चहा विचारला. मी नको म्हटलं तर रागावल्या. "छप्पर गेलंय, हात नाही गेले," म्हणाल्या.

मुलानं घराचा विमा उतरवला होता, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण विमा कंपनीच्या माणसानं फोनवर बजावलं होतं की सर्व्हेअर येऊन पाहणी करेपर्यंत काहीही हलवायचं नाही. झाड नाही, कौल नाही, फांदी नाही. हलवलं तर नुकसान किती ते कळणार नाही आणि दावा अडकेल. सर्व्हेअर कधी येणार? सगळीकडेच पडझड झालेली. येतील तेव्हा येतील.

ऑफिसात येऊन मी घर बंद केलं, म्हणजे पुढची सगळी बुकिंग रद्द करायला घेतली. एकेकाला फोन लावले. सगळ्यांनी आधी पैशाचं विचारलं, मी परत मिळतील म्हटलं, ते समाधानानं फोन ठेवत गेले. मग सुमनताईंना लावला. माझं सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मेढ आहे का?"

"हो, मेढ उभी आहे, पण घर..."

"मग झालं तर. आम्ही येतोय."

मी समजावलं. अर्नाळ्याला तेवढाच मोठा बंगला रिकामा होता, तिथे काहीच पडलेलं नव्हतं. त्याच भाड्यात देऊ, मांडववालाही आम्हीच सांगतो. त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या बंगल्यात माझी मेढ आहे का?"

"नाही तर सगळे पैसे परत देते, ताई. फक्त खात्याचा नंबर कळवा आणि रद्द करायला तयार आहे एवढं लिहून द्या."

"मी कुठे पैसे मागितले? तुम्हीच मागे लागलाय."

खरंच मी मागे लागले होते. नियमानुसार त्यांची तयारी असल्याशिवाय बुकिंग रद्द होत नव्हतं, आणि ते रद्द झालं नाही तर छप्पर नसलेल्या घराचं बुकिंग आमच्या माथी राहत होतं. पाहुण्यावर कौल पडलं तर जबाबदार आम्ही. हेमंतशेठ वैतागले. त्यांनी आपल्या भटजींना फोन केला. भटजी म्हणाले, अडचणीच्या वेळी शांती करून मेढ दुसरीकडे रोवता येते, उपाय आहे. हेमंतशेठनी मला म्हटलं, "जा, हे सांग त्यांना. तू बायकांशी नीट बोलतेस."

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. सातवा मजला, लिफ्ट बंद, कारण वीज नव्हती. दार प्राचीनं उघडलं. तिशीची, बारीक, केस घट्ट बांधलेले. आत लग्नाचं सामान पसरलेलं होतं, पत्रावळींचे गठ्ठे, नवऱ्या मुलीचा चुडा. मी भटजींचं म्हणणं सांगितलं.

सुमनताई म्हणाल्या, "उपाय करायचा म्हणजे आधी काहीतरी बिघडलंय असं मानायचं. माझ्या मानसीच्या लग्नात मी काही बिघडू देणार नाही."

 मग त्यांनीच सांगितलं, प्राचीच्या देखत. थोरलीच्या लग्नाच्या वेळी बागायत नुकतीच बिल्डरकडे गेलेली. लग्न हॉलमध्ये ठरलं. मेढ खाली पार्किंगमध्ये रोवायची म्हटली तर सोसायटीच्या सेक्रेटरीनं लाद्या उखडू दिल्या नाहीत. मग रंगाच्या रिकाम्या बादलीत वाळू भरून तिच्यात मेढ उभी केली आणि बाल्कनीत ठेवली.

"बादलीत!" त्या म्हणाल्या. "वारा आला की कलंडायची. दोनदा मी उचलून उभी केली. वर्षाच्या आत पोर परत आली."

प्राची स्वयंपाकघरात निघून गेली. माझ्या जिभेवर आलं होतं की आमच्या भाच्याची मेढही बादलीतच होती आणि त्यांचं छान चाललंय. पण त्या बाईंचा चेहरा बघून ते बोलवलं नाही. खाली उतरताना सात मजले मला आमचीच बिल्डिंग आठवत राहिली. तिच्याखालीही कुणाची तरी बागायत असणार. आमच्या पार्किंगमध्येही लाद्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आंतोनमामांचा फोन. "बाय, ये लवकर. तुझे पाव्हणे कोयते घेऊन आलेत."

मी पोचले तेव्हा सुमनताई, त्यांचे दोन भाऊ आणि चार-पाच गडी अंगणात उभे होते. कोयते, करवत, दोर. झाडं तोडून अंगण मोकळं करायचं, एवढाच त्यांचा हिशेब. बागायतीतली माणसं, त्यांना पडलेल्या नारळाची काय भीती? आणि समोर आंतोनमामा, आडव्या आंब्याच्या खोडावर पाय ठेवून.

"मामा, बाजूला व्हा. दुपारपर्यंत साफ करून देतो. तुमचंच काम होतंय," थोरला भाऊ म्हणाला.

"माझं काम करू नका, पाया पडतो. साहेब येईपर्यंत पान हलवायचं नाही."

"साहेब कधी येनार?"

"येईल तेव्हा येईल."

"तोवर लगीन थांबवू?"

"ते मला काय विचारतोस? वादळाला विचार."

"मामा, भाडं भरलंय आम्ही!"

"मग ही बाय उभी आहे ना पैसे परत द्यायला! घ्या की!"

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पैसे परत देते म्हणून माझ्यावर कुणी डोळे वटारले नव्हते, ते त्या दिवशी वटारले. मी दोन्हीकडचं सांगायचा प्रयत्न केला. मामांना म्हटलं, यांची मेढ हलत नाही. यांना म्हटलं, मामांची फांदी हलत नाही. धाकटा भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, तुम्ही वकील का नाही झालात?"

त्या गडबडीत फिलूमावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सुमनताईंना म्हणाल्या, "उन्हात उभ्या नका राहू. आत बसा. आत म्हणजे, जे आहे त्यात."

सुमनताई त्यांच्यामागून गेल्या. मीही गेले. मागची खोली. वर प्लॅस्टिक, त्यातून ऊन गळत होतं. एका खाटेवर घरातलं सगळं रचून ठेवलेलं. आल्तारवरची मेरीमाउलीची मूर्ती टॉवेलात गुंडाळून उशीवर आडवी ठेवली होती. चुलीवर भात शिजत होता. सुमनताईंनी वर बघितलं, मग चुलीकडे.

"रात्री कुठे झोपता?" त्यांनी विचारलं.

"ह्याच्याखालीच. मुलगा म्हणतो, भाड्याने खोली घ्या. पण हे जात नाहीत. म्हणतात, साहेब आला आणि घरात कुणी नसलं तर?"

"पैसे मिळतील ना विम्याचे?"

"काही हलवलं नाही तर मिळतील म्हणतात." फिलूमावशींनी भाताखालचं लाकूड मागे ओढलं. "तुमची मेढ मी रोज बघते हां. हे म्हणाले, पाव्हण्यांची वस्तू आहे, तिला हात लावायचा नाही. वारा होता ना, तेव्हा पन हे खिडकीतून तीच बघत होते. छपराकडे बघवत नव्हतं."

  बाहेर भाऊ आणि मामा यांची पुन्हा जुंपली होती. सुमनताई उठल्या, बाहेर आल्या, आणि अंगणात फिरून बघायला लागल्या. मेढीपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत, कठड्यापासून पडलेल्या पहिल्या नारळापर्यंत. तेवढाच तुकडा मोकळा होता. दोन खाटा मावतील इतका.

"दादा, कोयते ठेव खाली," त्या म्हणाल्या. "काही हलवायचं नाही. मांडव एवढाच घालायचा."

"एवढ्यात? सुमन, नवरा-नवरी उभी राहतील, भटजीला विहिरीत बसवायचा का?"

"तू कठड्यावर बस. बाकीची माणसं झाडांवर बसतील. नाही तरी आडवीच आहेत."

"आणि जेवणं?"

"जेवणं घरी. इथे फक्त अक्षता."

मी म्हटलं, "ताई, पण बुकिंग? घर तर मी देऊ शकत नाही. अंगण एकटं देण्याची आमच्याकडे सोय नाही."

आंतोनमामा खोडावरून उतरले. "तुझं बुकिंग रद्द कर तू. कंपनीचे पाव्हणे गेले. आता हे माझे पाव्हणे. माझ्या अंगणात कोण लग्न लावतं ते मी बघीन." मग सुमनताईंकडे वळून, जरा ओशाळून म्हणाले, "फक्त फांदी हलवू नका, बाय."

सुमनताईंनी माझ्याकडे कागद मागितला आणि रद्द करायला तयार असल्याचं व खात्याचा नंबर लिहून माझ्या हातात ठेवला. माझं काम झालं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं, पण मी नुसती दमले होते. पुढच्या घरी जायचं होतं, तिथले मालक फोन उचलत नव्हते.

लग्नाला मला बोलावणं होतं. वरपक्षाकडच्या लोकांना आधी सगळं सांगितलेलं होतं. मुलाची आई डहाणूकडची, त्यांचंही छप्पर गेलेलं. त्या म्हणाल्या म्हणे, "आमचा मुलगा पावसात भिजला तरी चालेल, पण लग्न लावा."

चार बांबू, वर पिवळं कापड आणि मेढ, एवढा मांडव. मानसी हिरव्या शालूत नारळाची खोडं ओलांडत आली, धाकट्या मामानं हात धरलेला. पाहुणे खोडांवर ओळीनं बसलेले. कुणीतरी म्हणालं, "सिनेमाच्या थेटरात बसल्यासारखं वाटतंय," तर मागून उत्तर आलं, "बाल्कनीचं तिकीट मामाला दिलंय." नवरीचे थोरले मामा खरंच कठड्यावर होते. फिलूमावशी नवी साडी नेसून पायरीवर उभ्या. आंतोनमामा फांद्यांमधून फिरत होते आणि पोरांना दटावत होते, "ए, ती डहाळी मोडू नको! ती विम्याची हाय!"

मंगलाष्टकं चालू असताना फाटकाशी एक मनुष्य येऊन उभा राहिला. गळ्यात कॅमेरा, हातात फाइल. सर्व्हेअर. त्याला बिचाऱ्याला वाटलं, पत्ता चुकला. आंतोनमामांनी त्याला हाताला धरून आत आणलं. अक्षता पडल्या, आणि लगेच त्यानं फोटो काढायला सुरुवात केली. "जरा सरका... काकी, तुम्ही त्या झाडावरून उठा, झाडाचा फोटो हवाय..." एकेक ओळ उठत होती, फोटो झाला की परत बसत होती. नवऱ्या मुलीला त्यानं विचारलं, "हे मधलं लाकूड घराचं पडलंय का?" ती म्हणाली, "नाही, ते माझं आहे."

त्याच्या फाइलमध्ये ती सगळी माणसं आली असणार, छप्पर नसलेल्या घरापुढे नटून बसलेली. दावा पुढे मंजूर झाला, उशिरानं. कौलं आता परत चढली आहेत, पण आंबा नाही. आंतोनमामा अजून मला कधीकधी फोन करून विचारतात, "बाय, कुणी रद्द केलं का?" त्यांना वाटतं, मी त्यांच्याच घराची काळजी करत बसलेली असते.

त्या दिवशी अक्षतांनंतर मी निघणार होते. गल्लीच्या तोंडाशी स्कूटरपाशी प्राची आली. हातात पेढ्यांचा पुडा. "आईनं दिलाय. न खाता चाललात म्हणून."

मी म्हटलं, "तुझी आई आज फार खूश दिसली."

"हो. मेढ जमिनीत होती ना." ती हसली. मग तिनं मागे वळून बघितलं, कुणी जवळ नव्हतं. "ताई, त्या दिवशी आईनं तुम्हाला बादलीचं सांगितलं, तेव्हा तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं. मी बघितलं."

मी स्कूटरला लावलेली किल्ली परत काढली.

"बोलला नाहीत ते बरं झालं. बादलीचं काहीच नव्हतं हो. माणूसच वाईट होता. पहिल्या आठवड्यात कळलं होतं मला." तिनं पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला. "पण ते स्थळ आईनं आणलं होतं. मी नको म्हणत होते, तिनं बाबांचं नाव घेऊन तयार केलं. ते तिच्या लक्षात आहे. मी आल्यापासून ती बादलीला शिव्या घालते. म्हणून मीही घालते. मेढ जमिनीतच रोवायची, हा हट्ट खरं तर मीच धरला या वेळी. तिला एकटीला धरता आला नसता."

 नोकरीत मी इतकी माणसं ऐकली, पण तेवढ्यापुरतं सगळं शिकलेलं निरुपयोगी झालं. मी तिच्या हातावर हात ठेवला.

अंगणातून हाक आली. "प्राची! अगं, ताईंना पेढे दिलेस का?"

"दिले गं, आई," प्राची ओरडली, आणि फांद्या चुकवत, एकही न हलवता, आत निघून गेली.